जळकोटच्या मळ्यातली वाफ

मला घामाची किळस आहे. स्वतःच्या तर आहेच, दुसऱ्याच्या घामाचं विचारूच नका. एस.टी.त शेजारच्याचा दंड माझ्या दंडाला लागला तर उतरेपर्यंत मी अंग चोरून बसतो. कुणाचा उष्टा पेला, कुणाचा ओला टॉवेल, कुणी उठून गेल्यावर गरम राहिलेली खुर्ची, यातलं काहीच मला चालत नाही. बायको म्हणायची, तुम्ही सोवळ्यातल्या म्हातारीच्या वरताण आहात. अशा माणसानं एका परक्या गृहस्थाबरोबर, चैत्रातल्या भर दुपारी, दार लावलेल्या भट्टीत उघड्या अंगानं पाऊण तास काढला, हे कुणाला खरं वाटणार नाही. पण काढला. त्याची किळस अजून गेलेली नाही.

महाराष्ट्र होऊन तेव्हा वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी धाराशिवकडच्या वाशीच्या शाळेत मास्तर होतो. वय सव्वीस. वडील माझ्या लहानपणीच गेलेले, घरात आई, धाकटी बहीण आणि मी. बहिणीला एकोणिसावं लागलं होतं आणि आईच्या मते ती घोडनवरी होत चालली होती. तरीही आधी माझं उरकायचं असा आईचा हट्ट होता. सव्वीस वर्षांचा कमावता मुलगा बिनलग्नाचा दिसला की लोक 'का?' म्हणून विचारतात, आणि एकदा विचारायला लागले की खणत खणत खालपर्यंत जातात, हे तिचं गणित. आणि आमच्याकडं खणलं तर सापडण्यासारखं होतं.

माझ्या डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, एक पांढरा डाग होता. कोड. पंधराव्या वर्षी तो चिंचोक्याएवढा उमटला आणि तोवर तळहाताएवढा झाला होता. जगात दोघांनाच ते माहीत होतं, मला आणि आईला. बहिणीलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, आई माजघराचं दार लोटून घेई आणि त्या डागावर बावचीचं तेल चोळी. अकरा वर्षं चोळत होती. डाग वाढत होता आणि तेलही चालू होतं. 'त्या घरात कोड आहे' एवढे चार शब्द बाहेर गेले असते तर माझं राहू द्या, बहिणीला कुणी दारात उभं केलं नसतं. आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ती मूठ इतकी घट्ट झाकली होती की शाळेच्या सहलीत मुलं नदीत उतरली की मी काठावर चपला राखत बसायचो.

स्थळ आणलं मामांनी. मामा नळदुर्गला राहत. मुलगी जळकोटची, मॅट्रिक झालेली, एकुलती एक, आई नसलेली. तिचे वडील तेलंगणातल्या एका कागदाच्या गिरणीत चांगल्या हुद्द्यावर होते. हैदराबाद राज्य मोडून त्याचे तीन वाटे झाले तेव्हा नोकरी सोडून गावी आले आणि मळा बघू लागले. गाव त्यांना आप्पा म्हणत असे. गिरणीनं त्यांना मशिनं शिकायला आठ महिने फिनलंडला पाठवलं होतं. फिनलंड कुठं आहे ते मी शाळेच्या नकाशात शोधलं. ते पार वर, नकाशा गुंडाळायच्या काठीपाशी होतं आणि त्यातलं निम्मं खिळ्याखाली गेलं होतं.

मामांच्या पत्रात शेवटी एक ओळ होती. मुलीचे वडील सज्जन आहेत, जरा विक्षिप्त आहेत, मळ्यात त्यांनी वाफेची खोली बांधली आहे आणि येणाऱ्या मुलानं आपल्याबरोबर तिथं वाफ घ्यावी असा त्यांचा आग्रह असतो.

आईनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. तिला वेगळं सांगायला नको होतं, आणि मलाही नको होतं. आमच्या भागात मुलीला बघताना तिला चालायला लावत, वाचायला लावत, केस सोडून बघत. मुलाला असं उघड बघायची सोय नव्हती. मग मुलीकडची हुशार माणसं त्याला आंघोळीला बसवत. "उन्हातून आलात, दोन तांबे अंगावर घ्या," म्हणत, आणि घरातला एखादा म्हातारा पाठ चोळायच्या निमित्तानं मोरीच्या दारात उभा राही. खरूज, गजकर्ण, कोड, वाकडं हाड, जे काय असेल ते तो म्हातारा बघून घेई आणि आत जाऊन सांगे. असं आंघोळीवरून मोडलेलं एक लग्न मला माहीत होतं.

"वाफ कशाची रे," आई म्हणाली, "अंग बघायचंय त्येनला. ही नवी तऱ्हा काढलीया."

"मग जाऊच नको का?"

"न गेलास तर म्हणतील पोरात खोट हाय म्हणून आला न्हाय. जा. पण पंचा सोडायचा न्हाय. मेलास तरी सोडायचा न्हाय."

तिनं मला नवा पंचा आणून दिला. जाडजूड, गुडघ्याच्या खाली वीतभर येणारा, ओला झाला तरी आरपार दिसणार नाही असा. दुकानात तिनं तो भिजवून बघितला होता म्हणे, दुकानदाराच्या देखत.

वाशीहून पहाटेच्या गाडीनं निघालो. धाराशिव, तुळजापूर करत नळदुर्गला आलो तेव्हा मामा स्टँडवर धोतराचा सोगा सावरत उभे होते. पुढं हैदराबादच्या सडकेनं जळकोट. फाट्यावर उतरून मळ्यापर्यंत चालत गेलो. चैत्राचं ऊन असं होतं की वहाणेतून तळव्याला भाजत होतं. अशा दिवसात घामानं निथळलेल्या माणसाला आणखी घाम आणायला कोण बोलावतं, असं मी मामांना म्हणालो. मामा म्हणाले, "मोठ्यांचं मन राखावं. दोन मिंटं बसायचं अन् उठायचं."

आप्पा दारातच उभे होते. पंचावन्नच्या आसपास वय, उंच, सडपातळ. त्या उन्हात त्यांनी पूर्ण बाह्यांचा जाड सदरा घातला होता आणि गळ्यापर्यंतच्या सगळ्या गुंड्या लावल्या होत्या. परदेशात राहून आलेला माणूस, रीत असेल, असं मला वाटलं. मुलीनं सुशीला आणला, मुरमुऱ्यांचा, वर शेंगदाण्याचा कूट घातलेला, आणि पाणी. मुलगी गव्हाळ, शांत, डोळे थेट वर करून बघणारी. मी तिच्या डोळ्यांकडं बघायचं सोडून तिची मनगटं बघितली, मग कोपर, मग मान. ज्याला स्वतःचं झाकायचं असतं तो दुसऱ्याचं आधी हुडकतो. तिच्या अंगावर कुठं काही नव्हतं. मी काय बघतोय ते तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ताट ठेवून तिनं पदर पुढं ओढला.

"चला मास्तर," आप्पा म्हणाले, "दगड तापल्यात."

विहिरीच्या अलीकडं ती खोली होती. बाहेरून दगडमातीची, वर धाबं, दार इतकं बुटकं की वाकून शिरावं लागे. आत तिन्ही भिंतींना फळ्या ठोकलेल्या होत्या. गिरणीची मशिनं ज्या खोक्यांतून आली त्यांच्याच त्या फळ्या, अजून त्यांच्यावर काळ्या शाईतली परकी अक्षरं दिसत होती. कोपऱ्यात डांबराचं एक लोखंडी पिंप आडवं कापून त्याची चूल केली होती. खाली बाभळीची लाकडं आणि तुराट्या जळत होत्या आणि वर बोरी नदीतले काळे गोटे रचलेले होते, डोकं गरगरेल इतके तापलेले. पिंपाच्या आतलं जुनं डांबर अजून पुरतं जळालेलं नव्हतं. डांबर, धूर, ओलं लाकूड आणि त्या लाकडात वर्षानुवर्षं मुरलेला घाम, असा एक वास दारातच माझ्या नाकात शिरला आणि घशाला चिकटला. मला दारातच ओकारी आली. ती मी गिळली, कारण मागं मामा उभे होते.

मामा धोतर नेसूनच आत आले. मी पंचा गुंडाळून, गाठीवर गाठ मारून. आप्पा त्याच पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात. तिघं फळीवर ओळीनं बसलो. फळी बुळबुळीत होती. कुणाच्या तरी अंगाचं तेल आणि मळ तिच्यावर बसून सायीसारखा थर झाला होता, आणि मी त्याच्यावर बसलो होतो. फळीच्या एका खिळ्याचं डोकं तापून माझ्या मांडीला चटका बसला. उजव्या मांडीला बसला म्हणून मी देवाचे आभार मानले.

आप्पांनी ओगराळं भरून पाणी गोट्यांवर टाकलं. सुर्रर्र करून वाफ वर गेली आणि धाब्याला आपटून आमच्या टाळक्यावर उतरली. नाकातले केस जळतात की काय असं वाटलं. डोळे मिटले तरी पापण्या भाजत होत्या. मामांनी दोनदा रामराम म्हटलं, तिसऱ्यांदा "मेलो मेलो" म्हटलं आणि दार ढकलून जे बाहेर पडले ते थेट लिंबाखालच्या बाजेवर. दारातून त्यांचं धोतर तेवढं दिसलं.

आप्पांनी उठून दार पुन्हा लावून घेतलं. आता आम्ही दोघंच. मी दोन्ही हात मांडीवर दाबून बसलो. मनात म्हटलं, आता सुरू होणार. मामाला मुद्दाम घालवलं.

"घरी कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"आई. आणि धाकटी बहीण. तिचं लग्न व्हायचंय."

"आस्सं. मग तुमाला घाई असंल." आणखी एक ओगराळं गोट्यांवर टाकून ते म्हणाले, "याच्या आधी दोगं येऊन गेले. वाफ नगं म्हणाले. म्या म्हटलं, वाफ नगं तर पोरगी बी न्हाय. त्येनला वाटलं म्हातारा सटकलाय. तुमी बसलात. लई बरं वाटलं."

घाम माझ्या भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता. तो पुसायला हात उचलावा तर पंचा सुटेल, म्हणून मी तसाच मिचमिचत राहिलो. आप्पा बोलत होते, आणि माझ्याकडं न बघता बोलत होते.

"तिकडं फिनलंडला गेलो तवा पैल्याच दिशी फोरमन म्हणाला, चल साउनाला. साउना म्हंजी हीच वाफेची खोली. मला ठाऊक न्हवतं काय असतं ते. आत गेलो तर सगळे नागवे. फोरमन, हमाल, गिरणीचा सायब, एका फळीवर. कापडं घालून बसायची त्येंच्यात शरम वाटती. म्या कोट घालून उभा. सगळे माझ्याकडं बघून हसले, पण वंगाळ न्हाय हसले. मग एका म्हाताऱ्यानं माझी बटनं काढली. लेकराची काढत्यात तशी."

हे बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या सदऱ्याच्या गुंड्या काढायला सुरुवात केली. वरून खाली, एकेक. सदरा काढून खुंटीला लावला. धोतर सोडलं. लंगोटावर उभे राहिले आणि दोन पावलं सरकून भिंतीतल्या छोट्या झरोक्याखाली गेले. उजेडाचा एकच पट्टा त्या खोलीत येत होता. ते नेमके त्याच्यात उभे राहिले आणि माझ्याकडं पाठ केली.

मनगटापासून वर, खांद्यांवर, पाठीवर, कमरेखाली, सगळीकडं कोड होतं. पांढरं नव्हे, गुलाबीसर, वाफेनं फुललेलं. मधे मधे मूळ रंगाची बेटं उरली होती. त्यावरून घाम ओघळत होता.

आता मी काय सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी, ज्याच्या मांडीवर तेच होतं, पंच्याच्या खाली, माझ्या दोन्ही हातांच्या खाली, त्या मला शिसारी आली. मी फळीवर मागं सरकलो. पाठ भिंतीच्या फळीला टेकली, तिच्यावर कुणाचा घाम असेल याचीसुद्धा तेव्हा पर्वा वाटली नाही, कारण समोरची पाठ त्याहून नकोशी होती.

"गावात कुजबुज हाय," पाठमोरेच ते म्हणाले, "पण बघितलेलं कुणी न्हाय. पोरीच्या अंगावर काय न्हाय. तिच्या आईच्या बी न्हवतं. पण लगीन करायचं तर माणसाला कळाय पायजे. तोंडानं सांगाय गेलो तर जीभ रेटत न्हाय माझी. हितं दाखवता येतं. म्हणून ही खोली बांधली म्या." मग ते जरा हसले. "तिकडं सगळेच गोरे. माझ्या डागाचं नवल कुणाला? आठ म्हैने म्या उघड्या पाठीनं बसलो, मास्तर. जन्मात पैल्यांदा."

वाशीहून निघताना आईनं आणि मी जे धरून चाललो होतो ते सगळं खोटं होतं. कुणाला माझं अंग बघायचं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्या क्षणी मला फक्त पंचा वर घ्यायचा होता. वीतभर. एक शब्द बोलायची गरज नव्हती. त्या माणसाला ते कळलं असतं आणि मग आम्ही दोघं त्या घाणेरड्या फळीवर शेजारी शेजारी बसलो असतो. माझ्या मनात ते आलं नाही असं नाही. आलं. पण लगेच दुसरं आलं, की आता तर मुळीच कळता कामा नये. दोन्ही घरांतलं कोड एकत्र आलं तर लोक काय म्हणतील, बहिणीचं काय होईल, आणि पोरं झाली तर ती कशी असतील. कोड लागत नाही, स्पर्शानं येत नाही, हे मी नंतर वाचलं. तेव्हाही मला निम्मं ठाऊक होतं, कारण रोज माझी मांडी चोळणाऱ्या आईच्या बोटांना अकरा वर्षांत काही झालं नव्हतं.

त्यांनी कोपऱ्यातून लिंबाच्या डहाळ्यांची जुडी उचलून माझ्याकडं दिली. तिकडं भूर्जाच्या डहाळ्यांनी एकमेकांच्या अंगावर हलकं झोडतात, त्यानं रक्त खेळतं, आपल्याकडं भूर्ज कुठला, म्हणून लिंब, असं त्यांनी सांगितलं.

"जरा पाठीवर मारा मास्तर. माझा हात पोचत न्हाय."

एक हात पंच्याच्या गाठीवर ठेवून मी उठलो. जुडी मी अगदी टोकाला धरली, दोन बोटांत, जसा मेलेला उंदीर शेपटीला धरतात. हात लांब करून, अंग मागं ठेवून, त्या पाठीवर मारलं. पहिल्या फटक्याला कडू वास सुटला. पानं सुटून त्या गुलाबी कातडीला चिकटली. आप्पा "आहा" म्हणाले. "आणि जोरात." मी आणखी मारलं. कितव्या तरी फटक्याला त्यांच्या पाठीवरचा घामाचा थेंब उडून माझ्या ओठावर पडला.

मी थुंकलो. विचार करून नव्हे, आपोआप. चुलीच्या बाजूला थुंकलो, ते दगडावर पडून चुर्र झालं. त्यांनी ऐकलं का, मला कळलं नाही. ते म्हणाले, "बास. दमलात तुमी." आणि माझ्या हातातून जुडी काढून घेतली.

तिथून विहीर. तिकडं म्हणे तळ्यात उडी मारतात. इथल्या विहिरीला पायऱ्या होत्या आणि चैत्रामुळं पाणी पार तळाला गेलेलं, हिरवं, वर शेवाळाची साय. आप्पा त्यात उतरले आणि पोहायला लागले. मी खालून तिसऱ्या पायरीवर बसून तांब्यानं अंगावर पाणी घेतलं. तांब्यात एक बेडकाचं पिल्लू आलं. अंग सगळं लिंबाच्या चुऱ्यानं आणि काजळीनं माखलेलं, दोघांच्या घामाचा वास माझ्याच अंगाला येत होता आणि तो कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो ते समजत नव्हतं. मी खसाखसा घासलं, मग भिंतीकडं तोंड करून, वरून धोतर गुंडाळून, खालून ओला पंचा काढायला लागलो. आप्पांनी पाण्यातून एकदा वर बघितलं. मग तोंड फिरवून ते समोरच्या भिंतीतल्या पारव्याच्या घरट्याकडं बघत राहिले, मी कोरडा होऊन वर जाईपर्यंत. मला वाटलं, त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

घरी आल्यावर मुलीनं ताक आणलं. मीठ जास्त होतं. माझं तोंड बघून ती म्हणाली, "मुद्दाम घातलंय. घाम गेला की लागतं." पेला माझ्या हातात देऊन ती तिथंच उभी राहिली. मामा बाजेवर घोरत होते, आप्पा अजून विहिरीवर होते.

"किती वेळ बसलात?"

"पाऊण तास असेल."

"आप्पांसंगं एवढा वेळ कुणीच बसलं न्हाय," ती म्हणाली, आणि हसली. त्या एका वाक्यात तिनं होकार देऊन टाकला होता. माझाही गृहीत धरला होता. मी ताक पिऊन टाकलं. पेला परत देताना तिच्या बोटांना बोट लागू नये म्हणून मी तो जमिनीवर ठेवला.

वाशीला पोहोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होत आली होती. आई दारातच होती. पाणी द्यायच्या आधी तिनं विचारलं, "बघितलं का कुणी?"

"नाही."

"पंचा?"

"सुटला नाही."

तिनं देवाच्या कोनाड्याकडं बघून हात जोडले. मग मुलगी कशी आहे ते विचारलं. मी म्हणालो, "मुलगी चांगली आहे. पण त्या घरात कोड आहे. बापाच्या अंगभर."

आईनं तोंडावर हात ठेवला. "शी! शी! बघितलंस तू? शिवलास का त्येनला?" मी नाही म्हणालो. "वाचलो बाबा," ती म्हणाली, "असल्या घरातली पोर आणायची म्हणजे. देवीनं राखलं." आणि असं बोलत बोलतच ती उठली, माजघराचं दार तिनं लोटून घेतलं, कोनाड्यातली बावचीच्या तेलाची बाटली काढली आणि माझ्यासमोर बसली. "घे वर धोतर. दिवे लागायची वेळ झाली."

मी धोतर वर घेतलं. तिची बोटं त्या डागावर फिरत होती, हळू, मायेनं, रोजच्यासारखी. आम्हां दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत मी सातवीला म्हणी शिकवायचो, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ. वाक्यात उपयोग करा म्हणून मुलांच्या हातावर छड्या मारायचो.

चौथ्या दिवशी मी जळकोटला पत्र टाकलं. दोन ओळींचं. स्थळ सर्व प्रकारे उत्तम आहे, परंतु पत्रिका जुळत नसल्यानं योग दिसत नाही, क्षमस्व. मामांनाही तेच सांगितलं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही, याचा मला तेव्हा अभिमानसुद्धा वाटला. आपण त्या माणसाची अब्रू राखली, असं.

पुढं बहिणीचं लग्न झालं, चांगल्या घरात. माझंही झालं. लग्नाच्या चौथ्या महिन्यात बायकोला डाग दिसला. ती तेव्हा काय म्हणाली ते मी इथं लिहिणार नाही, पण थुंकली नाही एवढं खरं. डाग आता कमरेपर्यंत आला आहे. आई गेली, तेल बंद झालं. मी अजून मोरीच्या दाराला कडी घालून आंघोळ करतो, घरात कुणी नसलं तरी.

जळकोटहून उत्तर आठव्याच दिवशी आलं होतं. कार्डावर नव्हे, कारण कार्ड पोस्टमनही वाचतो. पाकीट होतं, चारी कडांनी खळ लावून चिकटवलेलं. कागद जाड, पांढरा, गिरणीतल्या माणसाजवळ असतो तसा. अक्षर मोत्यासारखं. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. ते असं होतं:

'मास्तरांस नमस्कार. पत्रिका जुळत नाही हे वाचले. मुलीची पत्रिका मी केलेलीच नाही, तेव्हा पाठवण्याचा प्रश्न नव्हता. असो. विहिरीवर आपण पंचा बदलताना आपल्या मांडीवरचे मला दिसले. दिसले तेव्हा वाटले, आता जुळलेच. माझ्याकडून हे कुणालाही कळणार नाही, बहिणीचे कार्य निर्धास्तपणे करावे. मुलीला मी काही सांगितलेले नाही. ती एकच विचारते, मग एवढा वेळ बसले कशाला? तिला काय सांगायचे, तेवढे कळवावे.'

मी कळवलं नाही.